द्राक्षाचं खोकं कोणत्या खात्यात?

फेब्रुवारीत पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये अर्धा दिवस घालवायचा योग आला. बाहेर ऊन चढत होतं, आत मात्र अंगावर काटा येईल इतका गारवा. लांबलचक टेबलांच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या. घड उचलायचा, बारीक कात्रीने खराब मणी काढायचे, अर्ध्या किलोच्या पारदर्शक डबीत घड ठेवायचा, वजन बघायचं आणि अशा दहा डब्या झाल्या की पुठ्ठ्याच्या एका खोक्यात लावायच्या. हा सगळा माल न्हावा-शेवामार्गे रॉटरडॅमला जाणार होता.

माझं लक्ष द्राक्षांपेक्षा खोक्याकडेच जास्त होतं. बाहेरून तांबूस, गुळगुळीत, अंगठ्याने दाबलं तरी न दबणारं. कोपऱ्यात फाटून पडलेला एक तुकडा उचलून पाहिला तर त्यात पाच थर होते. तीन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये दोन नागमोडी. इतकं दणकट खोकं कशाला, असं सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तीन-चार आठवडे कंटेनरच्या ओलसर थंडीत राहायचंय त्याला, तेही एकावर एक रचून. खालचं खोकं बसलं की माल गेला." मग वरच्या थरावरून बोट फिरवत म्हणाला, "हा कागद परदेशातला आहे, व्हर्जिन क्राफ्ट, म्हणजे ताज्या तंतूचा. आतली नागमोडी नाली वापीची."

परतताना तेच डोक्यात घोळत राहिलं. परदेशातून आलेला कागद आणि वापीच्या कारखान्यात रद्दीपासून बनलेला कागद एकत्र चिकटला, त्याचं खोकं झालं आणि ते युरोपला गेलं. मग भारताने कागद निर्यात केला का? केला असेल तर त्याची नोंद कुठे आहे?

नोंद कुठेच नाही. सीमाशुल्काच्या कागदपत्रांत ते खोकं म्हणजे द्राक्ष. जगभरच्या कस्टम्सचा नियम असा, की मालाबरोबर जाणारं नेहमीचं वेष्टण मालातच धरायचं. तेच खोकं घडी घालून, रिकामं, दुबईच्या एखाद्या व्यापाऱ्याला विकलं असतं तर ती पुठ्ठ्याची निर्यात ठरली असती. वस्तू तीच, कारखाना तोच. पण भरलं तर फळ आणि रिकामं तर कागद.

दोन देशांच्या कागदाच्या व्यापाराची तुलना करायला बसलं की पहिल्याच पायरीवर हे खोकं आडवं येतं. म्हणून त्याला सोबत घेऊनच दोन देश शेजारी ठेवून बघू. एक आपला भारत. दुसरा फिनलंड, जिथली लोकसंख्या जेमतेम छप्पन्न लाख, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून होते त्याहूनही कमी.

मिसळणाच्या डब्यातले कप्पे

कोणताही माल सीमा ओलांडतो तेव्हा त्याला एक आकडा मिळतो. ब्रुसेल्समधल्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने ही पद्धत बसवली आणि १९८८ पासून ती लागू आहे. तिला एचएस म्हणतात. स्वयंपाकघरातल्या मिसळणाच्या डब्यासारखी ती आहे. मोहरी एका वाटीत, हळद दुसऱ्या, जिरं तिसऱ्या. फरक इतकाच, की या डब्यात जगातली प्रत्येक वस्तू मावली पाहिजे. त्याचे सत्त्याण्णव मोठे कप्पे आहेत, त्यांना प्रकरण म्हणतात. प्रकरणाच्या पोटात लहान कप्पे, त्यांच्या पोटात आणखी लहान. आकड्याचे पहिले सहा अंक सगळ्या देशांत सारखे असतात. पुढचे अंक ज्याचे त्याने ठरवायचे. भारतात एकूण आठ अंक वापरतात.

कागदाशी संबंध येतो तो चार कप्प्यांचा. लाकूड ४४ मध्ये. लाकडाचा लगदा ४७ मध्ये, आणि रद्दीही तिथेच. कागद, पुठ्ठा आणि त्यांच्या वस्तू, म्हणजे खोकी, वह्या, टिश्यू, हे सगळं ४८ मध्ये. छापलेली पुस्तकं, वर्तमानपत्रं, नकाशे ४९ मध्ये. घरातल्या भाषेत ४४ म्हणजे गहू, ४७ म्हणजे कणीक, ४८ म्हणजे पोळी आणि ४९ म्हणजे तूप-गूळ लावून केलेली गुंडाळी. रद्दी मात्र या साखळीत उलट्या दिशेने येते, शिळ्या पोळीचा पुन्हा गोळा मळावा तशी, म्हणून ती कणकेच्या कप्प्यात बसते.

हे कप्पे किती बारीक असतात ते बघायला पिंपळगावहून फार लांब जायला नको. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेचा कागद भारताने कित्येक वर्षं बाहेरून आणला. तो कोरा असताना ४८ मध्ये मोडतो. छपाई होऊन त्याची नोट झाली की तिचा कप्पा बदलतो आणि ती ४९ मध्ये जाते. म्हैसूरला नोटेच्या कागदाचा कारखाना उभा राहिल्यावर ही आयात कमी होत गेली. नोटेचा कागद टनांत मोजला तर फारसा नसतो, किमतीत मात्र तो भारी पडतो. तुलना वजनाची करायची की पैशांची, हा प्रश्न इथेच सुरू होतो.

कप्पे कायमचेही नसतात. दर काही वर्षांनी त्यांची फेररचना होते. बाळांचे डायपर आणि सॅनिटरी पॅड पूर्वी कागदाच्या प्रकरणात धरले जायचे. २०१२ मध्ये ते तिथून उचलून ९६ व्या प्रकरणात नेले. ज्यांनी फक्त ४८ चा आलेख काढला त्यांना त्या वर्षी काही देशांचा कागद-व्यापार घसरल्यासारखा दिसेल. खरं तर माल तेवढाच गेला, त्याची वाटी तेवढी बदलली.

बर्फाच्या देशातली कणीक

फिनलंडच्या जमिनीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जंगल आहे. त्यातलं निम्म्याहून जास्त खासगी मालकीचं, म्हणजे आपल्याकडे एखाद्या कुटुंबाची पाच-दहा एकर जिरायती असावी तसं तिथे घराण्याचं जंगल असतं. स्प्रूस, पाइन आणि बर्च ही तिथली मुख्य झाडं. थंडीमुळे ती सावकाश वाढतात, पूर्ण कापणीला यायला साठ-सत्तर वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात. पण मोठं झाड कापायच्या आधी मधूनमधून विरळणी करावी लागते, शेतात रोपं विरळ करतात तशीच. विरळणीचं बारीक लाकूड आणि करवतीखालून उरलेला चुरा लगद्याला जातो. बांधकामाचं लाकूड आणि कागद असे दोन धंदे एकाच झाडावर चालतात.

या धंद्याची मुळं जुनी आहेत. दोन दशकांपूर्वी आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या खिशात ज्या नोकियाचा फोन असायचा, ती कंपनी १८६५ साली ताम्पेरे शहरात लाकडाचा लगदा बनवणाऱ्या गिरणीपासून सुरू झाली. वेर्ला इथली पुठ्ठ्याची जुनी गिरणी १९६४ साली बंद पडली, पण ती तशीच जतन केली आहे आणि १९९६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. एखाद्या देशाच्या वारशात पुठ्ठ्याची गिरणी मानाने बसते, यावरून त्या देशाच्या संसारात कागदाचं स्थान काय ते समजतं.

२००७ च्या सुमारास फिनलंड वर्षाला सुमारे १४० लाख टन कागद आणि पुठ्ठा बनवत होता. त्या वेळी भारत त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. आता ही रेघ उलटी झाली आहे. भारताचं उत्पादन दोन-अडीच कोटी टनांच्या घरात पोचलं आणि फिनलंडचं निम्म्यावर आलं. तरीही निर्यातीच्या तक्त्यात फिनलंड भारताच्या बराच वर दिसतो, कारण तो आपल्या कागदापैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बाहेर विकतो. छप्पन्न लाख माणसं वापरून वापरून किती कागद वापरणार? आपल्याकडे मात्र बनेल त्यातला बहुतेक इथेच खपतो. भारतात माणशी वर्षाला पंधरा-सोळा किलो कागद लागतो आणि जगाची सरासरी पन्नास किलोंच्या वर आहे. माणशी वापर इतका कमी असूनही आपली बाजारपेठ अवाढव्य आहे, कारण गुणायला माणसं एकशे चाळीस कोटींच्या वर आहेत.

म्हणून 'फिनलंड कागद निर्यात करणारा मोठा देश आणि भारत लहान' हे वाक्य बरोबर असूनही फसवं आहे. निर्यात म्हणजे देशाची ताकद नव्हे. घरात शिजलं किती आणि घरचे जेवले किती, यातून उरलं ते निर्यात होतं.

केमी गावातली गोष्ट

फिनलंडचं उत्पादन निम्म्यावर का आलं, हे समजायला बोथनियाच्या आखाताच्या टोकाशी असलेल्या केमी या गावाकडे बघावं. तिथे वेइत्सिलुओतो नावाचा कागद कारखाना होता, छपाईचा आणि कार्यालयीन कागद बनवणारा. युरोपातली माणसं फोनवर वाचू लागली, मासिकांची पानं घटली आणि २०२१ मध्ये तो बंद झाला. शेकडो माणसांचं काम गेलं. लहानशा गावात एवढ्या नोकऱ्या एकदम जाणं म्हणजे काय, हे गिरण्या बंद पडलेल्या मुंबईला वेगळं सांगायला नको.

दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, त्याच केमीत मेत्सा समूहाचा नवा कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला १५ लाख टन लगद्याची. तो कागद बनवत नाही. लगद्याच्या वाळवलेल्या जाड पाट्या करतो, त्या गठ्ठ्यांत बांधतो आणि जहाजात चढवतो. त्यांचा कागद, पुठ्ठा किंवा टिश्यू पुढे युरोपात किंवा आशियात कुठेतरी होतो. लगदा शिजवताना लाकडातून जो काळा द्राव निघतो तो जाळून कारखाना स्वतःपुरती वीज करतो आणि उरलेली विकतो.

आता तक्त्यात काय दिसेल? केमीचा ४८ चा आकडा घटला, ४७ चा वाढला. फक्त 'कागद आणि पुठ्ठा' पाहणाऱ्याला वाटेल, फिनलंड या धंद्यातून उठला. प्रत्यक्षात त्याच जंगलातलं लाकूड जातंच आहे, फक्त पोळीऐवजी कणीक म्हणून. मला यात काळजीची गोष्ट दिसते ती वेगळी. टनामागे कागदाला साधारणपणे लगद्यापेक्षा जास्त पैसे मिळतात आणि कागदाच्या कारखान्याला माणसंही जास्त लागतात. कणीक विकणाऱ्याच्या हाती पोळी विकणाऱ्याइतकी मजुरी राहत नाही.

फिनलंड सगळीकडेच मागे सरकला असंही नाही. ओउलूच्या कारखान्यात छपाईचा कागद बनायचा, तिथे यंत्र बदलून खोक्यांच्या बाहेरच्या थराचा क्राफ्ट कागद बनू लागला. इमात्राला दूध आणि फळांच्या रसाच्या डब्यांचा पुठ्ठा होतो. वाचायचा कागद कमी झाला आणि बांधायचा कागद वाढला. वर्तमानपत्राच्या कागदाचा शेवटच वेगळा झाला. तो बनवणारा देशातला शेवटचा कारखाना काइपोलाला होता, तो २०२० च्या अखेरीस बंद झाला. ज्या देशाने जगातल्या कितीतरी वर्तमानपत्रांना कागद पुरवला, तो आज आपल्या वर्तमानपत्रांसाठी तो बाहेरून आणतो.

पिठाची विरी

आता आपल्याकडे येऊ. एक साधा प्रश्न मला माझ्या भाचीने विचारला होता. महिन्याची रद्दी काट्यावर चढत होती आणि ती म्हणाली, "मामा, आपल्याकडे एवढी रद्दी असताना अमेरिकेची रद्दी का विकत आणतात?" तिने ते शाळेच्या कुठल्याशा प्रकल्पात वाचलं होतं. प्रश्न रास्त आहे. भारत दरवर्षी लाखो टन रद्दी अमेरिकेतून, युरोपातून, आखातातून आणतो.

उत्तर भाकरीत आहे. ज्वारीचं पीठ ताजं असलं की भाकरी थापताना ती सरसर पसरते. पीठ जुनं झालं की तिच्या कडा चिरतात, उचलायला गेलं की तुकडा हातात येतो. आपण म्हणतो, पिठाची विरी गेली. कागदाच्या तंतूचंही तसंच आहे. स्प्रूस किंवा पाइनचा तंतू तीनेक मिलिमीटर लांब असतो, निलगिरीचा एकाच्या आसपास. लांब तंतू एकमेकांत गुंततात, कागद ताणला तरी फाटत नाही. तोच कागद रद्दी होऊन पुन्हा भिजवला, कुटला, गाळला की तंतू तुटतात आणि ताठर होतात. पाच-सहा फेऱ्यांनंतर त्यांच्यात काही जीव उरत नाही आणि ते धुवणीच्या पाण्याबरोबर वाहून जातात. त्यामुळे रद्दीचा कागद करणाऱ्याला दर वेळी थोडा ताजा, लांब तंतू त्यात घालावाच लागतो. विरी गेलेल्या पिठात आई मूठभर ताजं पीठ मिसळते तसा.

हा ताजा लांब तंतू आपल्याकडे जवळपास उगवतच नाही. हिमालयातला देवदार किंवा चीड कागदासाठी तोडणं योग्यही नाही आणि शक्यही नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने स्पष्टच म्हटलं, की कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यावा, नैसर्गिक जंगलातून नव्हे. त्यातून आंध्र, तेलंगण, गुजरातेत सुबाभूळ, निलगिरी, सुरू यांची शेती वाढली. ही झाडं चार-सहा वर्षांत कापणीला येतात, पण तंतू आखूड. बांबूचा तंतू बराच लांब असतो, म्हणून तर चंद्रपूरच्या बांबूजवळ बल्लारपूरला कागद कारखाना उभा राहिला. उसाच्या चिपाडापासूनही कागद होतो. तमिळनाडूत त्यावर मोठा सरकारी कारखाना चालतो. आपल्या साखर कारखान्यांत मात्र चिपाड बहुतेक बॉयलरमध्ये जातं आणि त्याची वीज होते.

उरली रद्दी. आज भारतातल्या कागदापैकी जवळपास तीन-चतुर्थांश रद्दीपासून होतो. घरची रद्दी त्याला पुरत नाही, त्याची दोन कारणं. एक म्हणजे आपण कागद मुळातच कमी वापरतो. दुसरं, वापरलेला कागद सगळा परत येत नाही. तो कपाटाच्या फळीवर अंथरला जातो, वहीला कव्हर होतो, भज्यांखाली जातो. तेलकट झालेला कागद पुन्हा लगद्यात घालता येत नाही. ओल्या कचऱ्यात पडलेलाही नाही. रद्दीवाल्याच्या हाती लागेल तेवढाच कारखान्यात पोचतो.

आणि अमेरिकेच्या रद्दीत आपल्याला हवं ते असतं. तिथलं जुनं खोकं, व्यापारात त्याला ओसीसी म्हणतात, बऱ्याचदा पाइनच्या ताज्या लांब तंतूचं असतं, एखादीच फेरी झालेलं. आपण रद्दी विकत घेतो असं वाटतं, पण खरेदी असते विरीची. लाकूड तिथे कापलं, पहिला कागद तिथे झाला, खोकं तिथे वापरलं, आणि तंतूचं उरलेलं आयुष्य वापीच्या, मोरबीच्या, मुझफ्फरनगरच्या कारखान्यांत जातं.

म्हणजे दोन्ही देशांच्या व्यापाराचं खरं मोजमाप कागदाच्या टनांत नाही, तंतूच्या हिशोबात आहे. फिनलंड ताजा तंतू विकतो; कधी लगदा म्हणून, कधी पुठ्ठा म्हणून. भारत वापरलेला तंतू विकत घेतो आणि त्यात शेतातला आखूड तंतू मिसळून एकशे चाळीस कोटींची गरज भागवतो.

चीनने दार लावलं तेव्हा

हा हिशोब दोन देशांपुरता राहत नाही, हे २०१८ ते २०२१ या काळात चांगलंच दिसलं. तोपर्यंत जगातल्या रद्दीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक चीन होतं. २०१८ मध्ये त्याने न निवडलेली मिश्र रद्दी घेणं बंद केलं आणि बाकीच्या रद्दीत घाण अर्ध्या टक्क्याहून जास्त नको अशी अट घातली. २०२१ पासून घनकचऱ्याची आयातच थांबवली. रद्दी येणार नाही, पण कारखाने तर चालवायचे आहेत. मग चीनच्या कारखान्यांनी रद्दीपासून बनलेला कागद आणि लगदा विकत घ्यायला सुरुवात केली.

भारतातल्या क्राफ्ट कारखान्यांना अचानक नवं गिऱ्हाईक मिळालं. २०२०-२१ मध्ये इथून चीनला क्राफ्टची रिळं जाऊ लागली. भारताचा ४८ चा निर्यात-आकडा वाढला, तक्ता वाचणाऱ्याला प्रगती दिसली. त्याच वेळी खोकी बनवणाऱ्या लहान कारखानदारांचे हाल सुरू झाले. क्राफ्टचे भाव महिन्या-महिन्याला चढत होते आणि गिऱ्हाइकाशी खोक्याचा दर आधीच ठरलेला. रद्दीवाल्याने आपल्याला किलोमागे चार पैसे जास्त दिले ते याच साखळीमुळे. शनिवारी दारात आलेल्या काट्यावरचा दर बीजिंगच्या एका नियमाने हलला होता.

चौकट : तक्ता हातात आला की

• नुसता ४८ बघू नका. ४७ आणि ४९ शेजारी ठेवा. लगदा आणि रद्दीशिवाय कागदाचं चित्र अर्धं राहतं.
• आकडा टनांत आहे की पैशांत ते बघा. टन स्थिर असूनही भाव वाढला तर निर्यात 'वाढते'.
• उत्पादन अधिक आयात वजा निर्यात, म्हणजे देशात वापरला गेलेला कागद. त्याला लोकसंख्येने भागलं तरच दोन देश तुलनेला येतात.
• वर्ष कोणतं? भारताचं व्यापारी वर्ष बहुतेक तक्त्यांत एप्रिल ते मार्च, फिनलंडचं जानेवारी ते डिसेंबर.
• मालाभोवती गुंडाळून गेलेलं खोकं या तक्त्यात नाही.

दोन वह्या जुळत का नाहीत

फिनलंडने भारताला किती कागद विकला, हे फिनलंडच्या वहीत बघा आणि मग भारताच्या वहीत. आकडे जुळणार नाहीत. यात कोणाची लबाडी असतेच असं नाही. फिनलंड आपला माल कोत्का किंवा राउमा बंदरात जहाजावर चढेपर्यंतची किंमत लिहितो. भारत तोच माल न्हावा-शेवाला उतरताना त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवून लिहितो. लासलगावला कांद्याचा जो भाव असतो तो मुंबईच्या मंडईत राहत नाही, तसंच. शिवाय डिसेंबरात निघालेली रिळं जानेवारीच्या शेवटी पोचली तर एका वहीत ती गेल्या वर्षाची, दुसरीत या वर्षाची.

पैशांचा आकडा किती फसवू शकतो याचं ताजं उदाहरण म्हणजे वर्तमानपत्राचा कागद. भुसावळहून खंडव्याकडे जाताना नेपानगर लागतं. तिथे देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना उभा राहिला, १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. तरीही आपली निम्म्याहून जास्त गरज आयातीवर राहिली, मुख्यतः रशिया आणि कॅनडातून. २०१९ च्या अर्थसंकल्पात या कागदावर १० टक्के आयातशुल्क लागलं, २०२० मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. मग करोना आला, वर्तमानपत्रांची पानं कमी झाली, कागद कमी लागला. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं, रशियातून माल येणं अडलं आणि भाव दुपटीच्या आसपास गेला. पानं घटली पण बिल घटलं नाही. नुसती रक्कम बघणाऱ्याला ही ओढाताण दिसत नाही, टन आणि रुपये शेजारी मांडले की लगेच दिसते.

त्याच युद्धाचा झटका फिनलंडला दुसऱ्या टोकाला बसला. रशियातून येणारं बर्चचं लाकूड २०२२ मध्ये थांबलं आणि घरच्या लाकडाचे भाव चढले. जंगलांचा देश, तरी त्यालाही थोडा गहू शेजाऱ्याकडून येत होता.

आपल्याकडच्या तयार वस्तूंचीही एक नोंद करायला हवी, कारण ती सहसा कोणी करत नाही. शाळेच्या रेघी वह्या भारत बराच काळ निर्यात करत आला आहे. अमेरिकेने २००६ मध्ये भारतातून येणाऱ्या काही रेघी वह्या-कागदांवर जादा शुल्क लावलं, कारण आपल्या वह्या तिथल्या कारखानदारांना फार स्वस्त वाटत होत्या. आखूड तंतू वहीच्या पानाला उत्तम. पान गुळगुळीत राहतं. लांब तंतूची गरज खोक्याला, आखूड तंतूचं काम लिहिण्याला. ज्याच्याकडे जो तंतू, त्याचा त्या वस्तूत हात बसतो.

खोक्याचा परतीचा प्रवास

पिंपळगावचं ते खोकं आतापर्यंत रॉटरडॅमला उतरलं असेल. भारताच्या वहीत त्याची नोंद ०८ व्या प्रकरणात, फळांत झाली. द्राक्षं दुकानात मांडली गेली की खोकं चपटं करून मागच्या बाजूला टाकतात, तिथून ते इतर जुन्या पुठ्ठ्याबरोबर यंत्रात दाबलं जातं आणि त्याची गासडी बांधली जाते. युरोपातल्या कारखान्यांना लागतील तेवढ्या गासड्या तिथेच राहतात, उरलेल्या विकल्या जातात. त्यांचं एक मोठं गिऱ्हाईक भारत आहे. म्हणजे द्राक्ष म्हणून गेलेला तंतू रद्दी म्हणून, ४७ व्या प्रकरणात, न्हावा-शेवाला परत येऊ शकतो. या वेळी त्याची नोंद होते आणि ती आपल्या आयातीत धरली जाते.

ही परतीची वाट आता अरुंद होणार आहे. युरोपीय संघाचा कचरा-वाहतुकीचा नवा कायदा २०२४ मध्ये आला. त्याच्या निर्यातीच्या तरतुदींनुसार २१ मे २०२७ पासून विकसित देशांच्या ओईसीडी गटाबाहेरच्या देशांना रद्दीसह असा माल पाठवायचा, तर त्या देशाने आधी अर्ज करून आपण तो नीट हाताळू शकतो हे दाखवावं लागेल आणि युरोपच्या यादीत नाव यावं लागेल. भारत त्या गटात नाही. वापीच्या कारखानदारांना त्या यादीकडे डोळे लावून बसावं लागेल, आणि पिंपळगावला खोक्याचा दर ठरवणाऱ्यांनाही.